‘पाणी लावू नको, फोड येईल’: एका घरगुती आज्ञेचा मागोवा

पोळी उलटताना तव्याची कड मनगटाच्या आतल्या बाजूला टेकते. क्षणभर काही कळत नाही, मग आडवी लाल रेघ उमटते आणि आग सुरू होते. अशी एखादी जुनी रेघ नसलेला हात मराठी स्वयंपाकघरात शोधून सापडायचा नाही. चटका बसला की घरात जितकी माणसं तितके वैद्य होतात. सासूबाई तुपाची बरणी पुढे करतात, शेजारच्या काकू बटाटा किसून लावायला सांगतात, मुलगा बाथरूममधून टूथपेस्ट आणतो, कुणाला कुंडीतली कोरफड आठवते, कुणाला फ्रिजमागे पडलेली बर्नोलची ट्यूब. या सगळ्यांचं एकमेकांशी पटत नाही. फक्त एका गोष्टीवर सगळे ठाम असतात. पाणी लावायचं नाही. पाण्यानं फोड येतो.

आज भाजण्यावर उपचार करणारा कोणताही डॉक्टर याच्या नेमकं उलट सांगतो: आधी पाणी, भरपूर पाणी, बाकी काही नाही. मग ही मनाई आली कुठून? आणि तूप, मध, चुना, राळ, पानं, साली ही सगळी मंडळी चटक्याच्या पहिल्या मिनिटाला हजर कशी झाली? माग काढत गेलं की लक्षात येतं, यातली बरीचशी औषधं खोटी नाहीत. ती वेळ चुकून आलेली आहेत.

आपल्याकडचा सर्वांत तपशीलवार दाखला सुश्रुतसंहितेत मिळतो, सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात. गंमत अशी की हा अध्याय मुळात अपघातानं भाजण्याबद्दल नाहीच. तो अग्निकर्माबद्दल आहे, म्हणजे वैद्यानं स्वतःच्या हातानं, उपचार म्हणून, डाग देण्याबद्दल. आग वापरणाऱ्या वैद्याला आगीनं झालेलं नुकसानही निस्तरता आलं पाहिजे, म्हणून चुकून भाजलेल्याची चर्चा तिथं आली. भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत. प्लुष्ट म्हणजे कातडीचा रंग बदललेला आणि नुसती होरपळ. दुर्दग्ध म्हणजे मोठे फोड, लाली, आग, पिकणं. सम्यग्दग्ध फार खोल न गेलेलं. अतिदग्धात मांस लोंबतं, शिरा आणि सांधे उघडे पडतात, ताप, तहान, मूर्च्छा येते. खोलीनुसार भाजण्याची प्रतवारी करायची पद्धत आजही तीच आहे, पायऱ्यांची नावं तेवढी बदलली.

आणि इथंच आपल्या आज्ञेचं मूळ दिसतं. प्लुष्ट, म्हणजे तव्याच्या कडेनं बसतो तसला साधा चटका, त्यावर सुश्रुत चक्क शेक सांगतो. आगीजवळ धरा, उष्ण औषध लावा. त्यामागे कारणही दिलं आहे: पाणी स्वभावानं थंड, त्यानं रक्त गोठतं, उष्णता आतच कोंडते, म्हणून अशा वेळी ऊनच सुख देतं, थंड नव्हे. हा तर्क आज टिकत नाही. पण त्या काळच्या शरीरशास्त्रात तो मांडणीला धरून होता, आणि लोकांच्या मनात जी समजूत शेकडो वर्षं राहिली तिचं हे सर्वांत स्पष्ट लिखित रूप आहे. चटका बसलेलं बोट चुलीच्या आचेला धरणाऱ्या आज्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. ‘आग आगीला खेचते’ असं त्या म्हणायच्या.

लोक मात्र त्याच अध्यायातला पुढचा भाग विसरले. दुर्दग्धावर, म्हणजे फोड आलेल्या भाजण्यावर, सुश्रुत तुपाचे लेप आणि सेक थंडच करायला सांगतो. अतिदग्धावर तर लोंबतं मांस काढून टाकून थंड उपचार, तांदळाच्या कण्या, तुपात कालवलेली टेंभुर्णीची साल, आणि वरून गुळवेलीच्या किंवा पाण्यातल्या वनस्पतींच्या पानांनी झाकण. शेवटी जखम भरून यावी म्हणून एक सिद्ध तूप येतं: मेण, ज्येष्ठमध, लोध्र, राळ, मंजिष्ठा, चंदन, मोरवेल, सगळं वाटून तुपात शिजवलेलं. म्हणजे तूप आहे, पण ते शिजवलेलं, औषधी, आणि जखम भरण्याच्या काळातलं आहे. चटका बसल्याबरोबर बरणीतलं तूप बोटानं फासणं यात कुठंच नाही. उलट उकळत्या तेलातुपानं भाजलं असेल तर तेल सूक्ष्म असल्यामुळं कातडीत लवकर शिरतं, असं म्हणून तिथं रूक्ष, म्हणजे कोरडे उपचार सांगितले आहेत. फोडणीचं तेल उडालं तर त्यावर पुन्हा तेल लावू नका, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेचं सांगणं आहे. आपण तुपाची बरणी उघडताना ते ऐकत नाही.

पाण्याबद्दलची ही ओढाताण फक्त आपल्याकडची नव्हे. इजिप्तमधला एबर्स पपायरस इसवी सनापूर्वी सुमारे 1550 चा. तो आता जर्मनीत लायप्झिगच्या विद्यापीठात आहे. त्यात भाजण्यावर काळी माती, शेण, डिंक अशी दिवसागणिक औषधं आहेत, आणि त्याबरोबर एक मंत्र आहे. इसिस देवीला निरोप येतो की तिचा मुलगा होरस वाळवंटात भाजला आहे. तिथं पाणी आहे का, ती विचारते. नाही. मग ती म्हणते की पाणी माझ्या तोंडात आहे, मी आग विझवायला आले आहे. औषध म्हणून मुलगा झालेल्या बाईचं दूध वापरायचं असतं. भाजलेल्याला पाणी हवं हे ज्यांना मनोमन ठाऊक होतं, त्यांनी ते मंत्रात ठेवलं आणि जखमेवर माती-शेण लावलं. ग्रीक वैद्यांच्या परंपरेत डुकराची जुनी चरबी आणि राळ येते. दहाव्या शतकाच्या आसपास इराणी वैद्य अर-राझी थंड पाण्याचा पुरस्कार करतो, पण त्याचं म्हणणं सर्वत्र रुजलं नाही. चरबी जिंकली, कारण चरबी लावल्यावर वारा लागायचा थांबतो आणि उघड्या जखमेला वारा लागला की आग होते. रोग्याला लगेच बरं वाटतं. उपचार टिकतात ते बहुतेक वेळा या ‘लगेच बरं वाटलं’वर.

या सगळ्या वंशावळीत मला सर्वांत आवडते ती गोष्ट एका स्वयंपाकघरातलीच आहे. सोळाव्या शतकात आंब्रोआज पारे हा फ्रेंच शल्यविशारद सैन्याबरोबर इटलीत होता. सेनापती मोंतजाँच्या मुदपाकखान्यातला एक पोऱ्या उकळत्या तेलाच्या कढईत पडला. पारे नेहमीची थंड औषधं आणायला औषधवाल्याकडे धावला, तर तिथं बसलेली एक खेडवळ म्हातारी म्हणाली की कच्चा कांदा मिठाबरोबर ठेचून लाव, फोड येणार नाहीत. पारेनं लावला. दुसऱ्या दिवशी जिथं कांदा होता तिथं फोड नव्हते, जिथं नव्हता तिथं होते. एवढ्यावर विश्वास ठेवून तो थांबला नाही. काही दिवसांनी एका जर्मन शिपायाचा चेहरा बंदुकीच्या दारूनं भाजला, तेव्हा त्यानं अर्ध्या चेहऱ्यावर कांदा लावला आणि अर्ध्यावर नेहमीचं औषध. कांद्याची बाजू फोडांवाचून राहिली. कांद्याच्या औषधीपणाबद्दल त्यावरून फारसं सिद्ध होत नाही, एका शिपायावरून काय होणार! पण एका म्हातारीचं सांगणं ऐकून घ्यायचं आणि तरीही ते शेजारी-शेजारी ठेवून तपासायचं, ही रीत त्या दिवशी घडली. घरगुती औषधाशी वागण्याची यापेक्षा चांगली तऱ्हा मला माहीत नाही.

अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये दोन डॉक्टर एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिलेले दिसतात. न्यूकॅसलच्या कोळसा खाणींत भाजलेल्या कामगारांवर उपचार करणाऱ्या एडवर्ड केंटिशनं 1797 मध्ये भाजण्यावर निबंध लिहिला. त्याचा भर टर्पेंटाइन आणि उष्ण, उत्तेजक औषधांवर होता. थंडीचा तो विरोधक. सुश्रुताच्या प्लुष्टाची चर्चा वाचून केंटिशकडे आलं की वाटतं, दोघं एकाच ओट्यावर बसलेत. दोन वर्षांनी, 1799 मध्ये, सर जेम्स अर्लनं उलट बाजू घेतली आणि बर्फ व थंड पाणी सुचवलं. वाद लिहून झाला, पण घराघरांत आणि कारखान्यांत ना केंटिश गेला ना अर्ल. तिथं गेलं तेल. स्कॉटलंडमधल्या कॅरन लोखंड कारखान्यात कामगारांच्या भाजण्यावर जवसाचं तेल आणि चुन्याची निवळी फेटून लावत. त्याला कॅरन तेलच म्हणू लागले आणि ते पाश्चात्त्य औषधालयांत दीर्घकाळ राहिलं.

हेच मिश्रण आपल्याकडे खोबरेल तेलानं होतं. पानाच्या डब्यातला चुना रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी वरचं नितळ पाणी अलगद काढायचं, त्यात तितकंच खोबरेल घालून फेटायचं. पांढरं दाटसर लोणी तयार होतं. खोबरेल आणि चुना ज्या घरात नाही असं घर कोकणात नव्हतंच, त्यामुळं हे औषध घरचंच वाटतं.

त्याच कुळातलं आणखी एक, आणि माझ्या मते सर्वांत देखणं, म्हणजे राळेचं मलम. ते होताना पाहण्यासारखं असतं. तिळाचं तेल मंद आचेवर ठेवतात, त्यात राळेची बारीक पूड भुरभुरवतात. राळ विरघळली की धुपाचा वास घरभर पसरतो. मग ते खाली उतरवून कोमट झाल्यावर परातीत ओततात आणि त्यावर गार पाणी घालून तळहातानं फेसायला लागतात. सुरुवातीला तेल आणि पाणी वेगळे पळतात. तपकिरी चिकट गोळा हाताला लागत राहतो. पाणी ओतून टाकायचं, नवं घ्यायचं, पुन्हा फेसायचं. हळूहळू रंग उतरतो, तपकिरीचा पिवळा, पिवळ्याचा पांढरा, आणि शेवटी ताज्या लोण्यासारखं हलकं, गार मलम बोटाला लागतं. त्यात आता तेलाइतकंच पाणी अडकलेलं असतं, आणि गारवा त्या पाण्याचा असतो. तांब्याच्या भांड्यात शंभर वेळा पाण्यानं धुऊन केलेलं शतधौत घृतही याच युक्तीवर उभं आहे. चरकाच्या परंपरेत ते अंगाची आग शमवायला सांगितलं आहे. पुण्याचं कैलास जीवन ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांनी डबीवरचे घटक वाचून पाहावेत: खोबरेल आणि राळ तिथंही भेटतील. सुश्रुताच्या रोपण-तुपातली राळ अशी प्लास्टिकच्या डबीपर्यंत आली आहे. याला परंपरा म्हणायचं, आणि अभिमानानं म्हणायचं. पाण्याला नको म्हणणाऱ्या घरांनी पाणी अशा रीतीनं, लोण्यात दडवून, लावलं हेही नोंदवलं पाहिजे.

विसाव्या शतकात औषधं रंगीत झाली. 1925 मध्ये डेट्रॉइटच्या एडवर्ड डेव्हिडसननं टॅनिक ॲसिडचा उपचार मांडला. चहाच्या अर्कातही असणारं हे द्रव्य जखमेवर चामड्यासारखी खपली धरतं. वीस वर्षं जगभर वापरलं गेलं आणि यकृताला इजा करतं हे लक्षात आल्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मागं पडलं. 1933 मध्ये अमेरिकेत ऑल्ड्रिचनं जेन्शियन व्हायोलेट आणलं, म्हणजे सरकारी दवाखान्यातलं ते जांभळं औषध. जखमेवर जांभळा रंग म्हणजे उपचार, हे पाहिलेल्या पिढीला दौतीतली शाई औषधासारखी वाटली तर नवल नाही. चटक्यावर निळी शाई ओतणाऱ्यांच्या हकिकती जुन्या लोकांकडून आजही ऐकायला मिळतात.

पिवळा रंग बर्नोलचा. त्याचं मूळ 1912 च्या सुमाराला पॉल एर्लिखच्या प्रयोगशाळेतल्या ॲक्रिफ्लेविन या रंगद्रव्याशी जाऊन भिडतं. पहिल्या महायुद्धात जखमा धुवायला ते वापरलं गेलं. त्याच घराण्यातलं ॲमिनॅक्रिन आणि जंतुनाशक सेट्रिमाइड बर्नोलमध्ये आहे. एकेकाळी बूट्स कंपनीची, पुढं मोरपेनची झालेली ही ट्यूब भारतीय स्वयंपाकघराची जणू सरकारी मुद्राच झाली. तिचं काम जंतू रोखायचं. कातडीतली उष्णता काढायचं काम तिचं नाही आणि तिनं तसा दावा करायची गरजही नव्हती. आपणच ‘भाजलं की बर्नोल’ असं समीकरण घालून घेतलं आणि मधलं पाणी गाळलं.

टूथपेस्ट या मंडळींत सर्वांत तरुण. दंतमंजनाची जागा ट्यूबनं घेतल्यावरच ती आली. तिला ना शास्त्राचा आधार ना आजीचा. तिचा गार स्पर्श मेन्थॉलमुळं असतो. थंडी ओळखणारी जी दारं आपल्या मज्जातंतूंत असतात तीच मेन्थॉल उघडतं. 2002 मध्ये ही दारं सापडली, आणि या प्रकारच्या संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. म्हणजे पेस्टनं गार वाटतं, कातडी गार होत नाही. आतली उष्णता जिथल्या तिथं असते आणि वर पेस्टचा थर वाळतो.

आता पाण्याकडे येऊ. 1947 मध्ये अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी कातडी किती तापमानाला किती वेळात जळते हे मोजलं. 44 अंशांना सहा तास लागतात. 60 अंशांना सुमारे पाच सेकंद. म्हणजे तवा बाजूला झाला तरी कातडी स्वतः तापलेली असते तोवर ती आतून जळतच राहते. भाजणं हा एक क्षण नसतो. 1953 मध्ये बर्मिंगहॅमच्या डग्लस जॅक्सननं दाखवलं की भाजलेल्या जागेच्या मध्यभागी मेलेला भाग असतो आणि त्याभोवती एक अडखळलेला पट्टा, जो पुढच्या एक-दोन दिवसांत मरू शकतो किंवा वाचू शकतो. सगळी लढाई त्या पट्ट्यासाठी असते. 1959 च्या सुमाराला आइसलँडच्या ओफेगुर ओफेग्सॉन या डॉक्टरनं पाण्यानं थंड करण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि अर्लची विस्मरणात गेलेली बाजू पुन्हा उभी राहिली. पुढं ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या गटानं डुकरांच्या कातडीवर वेळा मोजल्या. तिथल्या प्रथमोपचाराचा नियम त्यातून पक्का झाला: वाहतं, साधारण नळाचं गार पाणी, वीस मिनिटं, आणि भाजल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. याच गटानं 2008 मध्ये कोरफड, टी ट्री तेल आणि थुंकी हे प्रथमोपचार म्हणून तपासले. जखम लवकर भरण्यात त्यातल्या कशानंही फरक पडला नाही. बर्फ मात्र नको, तो रक्तवाहिन्या आवळून त्या अडखळलेल्या पट्ट्याचंच नुकसान करतो. सुश्रुताला जी भीती पाण्याची होती ती बर्फाच्या बाबतीत खरी ठरली, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

मग फोडाचं काय? फोड भाजण्याच्या खोलीमुळं येतो, आणि बहुतेकदा काही तासांनी येतो. पाणी लावलं, संध्याकाळी फोड दिसला, आरोप पाण्यावर. तूप लावूनही फोड येतोच, पण तेव्हा ‘जास्तच भाजलं होतं’ असं म्हणतात. शिवाय स्वयंपाकघरातले बहुतेक चटके वरवरचे असतात आणि आठवड्या-दहा दिवसांत आपोआप बरे होतात. ते बरे होताना वर जे काही लावलेलं असतं त्याला श्रेय जातं. शाईला, पिठाला, पेस्टला, सगळ्यांना मिळालं आहे.

तरीही घरगुती औषधांना एका फटक्यात मोडीत काढणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही, आणि त्याचं कारण महाराष्ट्रातच आहे. मुंबईत वाडिया बाल रुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी तयार केली. साली कापडी पट्टीवर चिकटवायच्या, निर्जंतुक करायच्या आणि भाजलेल्या जागेवर बांधायच्या. साल जखमेला ओलसर ठेवते आणि बदलताना चिकटत नाही. त्यांचा पहिला अहवाल 1985 मध्ये ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांवर काम केलं. 2003 मध्ये त्याच नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. पान गुळगुळीत आणि मेणचट, जखमेला चिकटत नाही, त्यामुळं पट्टी बदलताना रोगी ओरडत नाही. भाजलेल्या लेकराची पट्टी बदलताना ज्यानं पाहिलं आहे त्याला या एका वाक्याची किंमत कळेल. पान बटाट्याच्या सालीपेक्षाही स्वस्त पडतं, आणि गरीब रोग्यांच्या महापालिका रुग्णालयात स्वस्त हा शब्द लहान नाही. सुश्रुतानं गुळवेलीच्या पानांनी झाकायला सांगितलं होतं. शीवला केळीचं पान आलं.

सोलापूरला डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी मधाचा अभ्यास केला. 1991 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत त्यांचा 104 रोग्यांचा अहवाल आला: निम्म्यांना मधाची पट्टी, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे तेव्हाचं प्रमाण औषध. सात दिवसांत मधाच्या गटातल्या 91 टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटातल्या सात टक्के. नंतरच्या मोठ्या समीक्षांनीही वरवरच्या भाजण्यावर मधाच्या बाजूनं कौल दिला, मात्र त्यांच्या हातातल्या अभ्यासांत बराच वाटा एकट्या सोलापूरचा असल्यामुळं हे काम इतरत्र पुन्हा व्हायला हवं. पारेनं अर्ध्या चेहऱ्यावर कांदा लावून जे केलं तेच हे, फक्त आकड्यांनिशी.

आणि इथं गल्लत नेमकी कुठं झाली ते दिसतं. साल, पान, मध, राळ, सिद्ध तूप ही सगळी जखम भरण्याच्या दिवसांतली औषधं आहेत. रुग्णालयात ती गार झालेल्या, धुतलेल्या जखमेवर येतात, निर्जंतुक होऊन. घरी बातमी पोचते ती ‘बटाटा लाव’ एवढीच, आणि माती लागलेला कच्चा बटाटा तापलेल्या कातडीवर जातो. हळदीचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेनं भाजण्यावर काय लावू नये याची यादी दिली आहे, त्यात पेस्ट आणि तेलाबरोबर हळद नाव घेऊन आहे. हळदीला जंतू रोखण्याचे गुण नाहीत असं कुणी म्हणत नाही, पण पिवळ्या थराखाली जखम किती खोल आहे हे डॉक्टरला दिसत नाही, आणि तो थर घासून काढावा लागतो तेव्हा रोग्याला पुन्हा एकदा भाजल्यासारखं होतं.

पाणी घरातून हद्दपार का झालं, याचं एक कारण मला पुस्तकांत नाही, आपल्या जमिनीत दिसतं. वीस मिनिटं वाहतं पाणी म्हणजे बारीक धार धरली तरी दोन-तीन हंडे. जिथं हंडा डोक्यावरून येतो तिथं चटक्यावर हंडे ओतणारी सून कुणी पाहिली असेल? मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे आजही सांगता येत नाही. ज्या घरात स्वयंपाकाच्या ओट्याशी नळ येऊन एकच पिढी झाली, तिथली औषधं कोरडी आणि बरणीत मावणारी असणारच. म्हणून आजीला अडाणी म्हणण्याआधी तिची विहीर किती लांब होती ते विचारावं. नळ नसेल तर पातेल्यात हात बुडवून ठेवा, तेच पाणी तांब्यानं पुन्हा पुन्हा ओता, ओला स्वच्छ फडका बदलत राहा. कातडी गार होण्याशी काम आहे.

तेव्हा नळ सोडा आणि घड्याळ बघा. वीस मिनिटं उभं राहणं कंटाळवाणं वाटतं, दोन मिनिटांत आग कमी झाली की हात काढावासा वाटतो, तेव्हाच काढू नका. मग स्वच्छ कोरड्या कापडानं सैल झाका, फोड फोडू नका. तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल, चेहरा, सांधा किंवा जननेंद्रिय भाजलं असेल, भाजलेलं माणूस लहान मूल किंवा म्हातारं असेल, तर काहीही न लावता दवाखाना गाठा. कैलास जीवन, मध, राळेचं मलम यांना आपापली वेळ आहे. ती कातडी गार झाल्यानंतरची, आणि कातडी शाबूत असलेल्या बारीक चटक्यांची. आणि पाण्याखाली हात धरायच्या आधी त्या हातातल्या बांगड्या, पाटल्या आणि अंगठी काढा. तासाभरात हात सुजतो, मग त्या निघत नाहीत, कापाव्या लागतात.